शेरा: रस्ता नाही

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. माझ्याकडे सगळ्याची यादी असते — किराणा, औषधं, कुणाच्या लग्नात कोणती साडी नेसले. हे मात्र कुठल्याच यादीत नाही. पन्नाशी उलटली, आता तुम्हालाच का सांगते आहे? माहीत नाही.

सुरुवात जहाजापासून करावी लागेल. हसू नका.

लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत चौथीत मी आणि कौसल्या एका बाकावर बसायचो. समुद्र दोघींनीही पाहिलेला नव्हता. तरी आम्ही जहाज घेऊन निघणार होतो, आणि त्याची यादी वहीत केली होती: दोर शंभर हात, कंदील दोन, शेंगदाण्याची चटणी, गोडं पाणी वीस हंडे. कप्तान मी. पाणी वाटायचं काम कौसल्याकडे. पुढे ती ते विसरली. मी — नाही. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले, दोन मुलं झाली, तरी वही फाटली की ती यादी मी नव्या वहीत उतरवायचे. कंदिलाच्या जागी बॅटरी लिहिली. साहेबांची मीटिंग लांबली की टेबलाच्या खणातून वही काढून बसायचे. वेडेपणा होता का? असेल. पण तो माझा होता आणि झाकलेला होता.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. पाट्या नव्या, शिक्के नवे. पाऊस मात्र दोन वर्षं नव्हता. टँकर कुठे पाठवायचे त्याची यादी माझ्याकडे आली, कारण माझ्या कामात चूक नसायची.

एका दुपारी कौसल्या अर्ज घेऊन आली. लग्न होऊन ती ज्या पंधरा घरांच्या वस्तीत गेली, तिथली विहीर आटली होती. मला पाहून तिला आनंद झाला — हो, आनंदच — आणि भर कचेरीत ती म्हणाली, "काय गं कप्तान, जहाजाची यादी अजून करतीस व्हय? एक टँकर आमच्याकडं बी वळव की."

सगळे हसले. हेडक्लार्कच्या बशीतला चहा सांडला. आणि खणात वही होती. तिनं गंमत केली होती, पण बोलली होती नेमकं खरं. त्या दिवसापासून कचेरीत मी कप्तानबाई.

मग मी काय केलं? — मनात आठवतानाही इथे मी नेहमी थांबते.

यादीतला शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. तिच्या वस्तीसमोर मी लिहिलं: रस्ता नाही. असा शेरा असला की टँकर जात नाही, आणि खरं-खोटं बघायलाही कुणी जात नाही. लिहून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

तेवढ्यावर थांबले असते तर रागाच्या भरात झालं, असं म्हणता आलं असतं. पण यादी दर सोमवारी नव्यानं व्हायची. दर सोमवारी त्या रकान्यात मी लिहीत गेले: मागीलप्रमाणे. नऊ सोमवार. आणि दर वेळी तितकंच बरं वाटलं.

मधे ती एकदा पुन्हा आली. वाळली होती. "रस्ता न्हाई म्हणे. मग मी काय उडून आले का?"

या वेळी कुणी हसलं नाही. मी मान वर न करता म्हणाले, "शेरा बदलायला साहेबांची सही लागते." लागत नव्हती.

दारात थांबून ती एवढंच म्हणाली, "तुला तर म्हायत हाय गं."

दहाव्या आठवड्यात कळलं, वस्तीवरची माणसं घरांना कुलपं लावून गेली. कौसल्या आणि तिचा नवरा धर्माबादला, मिरचीची देठं खुडायला. मी नियमानं वस्ती यादीतून कमी केली. शेरा: वस्ती उठली. पुढे पाऊस झाल्यावर काही घरं उघडली. तिचं नाही.

जहाजाची यादी अजून खणात आहे. गोड्या पाण्यापुढे तिचंच नाव आहे.

आणि रस्ता होता. मुरमाचा, ओढ्याला वळसा घालून जाणारा. कौसल्याचं लग्न नवऱ्याच्या दारात झालं, तेव्हा आम्ही मुलीकडची माणसं त्याच रस्त्यानं ट्रकमधून गेलो होतो. मी तिच्या शेजारी उभी होते, ट्रकचं फाळकं धरून.