वायरमनचा कोपर

खांबावर चढण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं, तो वायरमन पडला बहिणीच्या घरातल्या स्टुलावरून. पंखा बसवताना. मानेला मार बसला, पाय गेले, बोटं लुळी पडली. हात कोपरात वाकायचे, पण सरळ होईनात. निजल्या निजल्या हात वर केला की तो धपकन त्याच्याच नाकावर आपटायचा.

"घरचाच माणूस मारतोय, तक्रार कुणाकडे करू?" तो म्हणायचा. ताईला हसू यायचं नाही. स्टूल तिचं होतं ना! भावाला तिनं आपल्याकडेच ठेवून घेतलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं तीच करी.

पुढे एका डॉक्टरीणबाईंनी त्याचा दंड मागून चाचपला. "इथे तीन मुळांचा स्नायू असतो. एक मूळ खांद्याच्या फऱ्याला, दोन दंडाच्या हाडाला. खाली तिन्ही एक होऊन कोपराच्या टोकाला धरतात. हात सरळ करायचं काम त्याचं. तुमच्या मानेतून त्याला हुकूमच पोचत नाही. पण खांद्याचा मागचा भाग शाबूत आहे. तो कोपराला जोडून बघू."

"म्हणजे शेजाऱ्याकडून लाइन ओढायची!"

"तसंच. पायातली एक कंडरा मध्ये दोरीसारखी बांधू. आधी उजवा हात."

ऑपरेशन झालं, प्लॅस्टर निघालं. व्यायाम घेणारी बाई रोज बजावायची, "कोपर विसरा. खांदा मागे ओढा." तो घामाघूम व्हायचा, हात ढिम्म. "हा हात माझा नाहीच," म्हणून एकदा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

एका दुपारी ताई सूप पाजत होती.

"पोट भरलं."

"एवढा एकच चमचा."

"नको म्हटलं ना!" तो चिडला, खांदा मागे ओढला गेला आणि हात सरळ होत वाटीवर आदळला. सूप ताईच्या मांडीवर.



"तू मला ढकललंस?"

"ढकललं वाटतं."

ताई उठली, ओली साडी तशीच, वाटी परत भरून आणली आणि त्याच्या तोंडासमोर धरली. "ढकल बघू परत!"

पुढे डावा हातही झाला. आता तो स्वतः चाकांची खुर्ची रेटत कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात जातो, नव्या पोरांना बिघाड कुठे शोधायचा ते सांगतो. वाटेत थोडा चढ आहे. तिथे ताईचे हात शिवशिवतात.

"हात लावायचा नाही," तो धापा टाकत म्हणतो.

ती हात पाठीमागे बांधून शेजारून चालते.