हळदीच्या दिवसांतला हातपंप

सुमनमावशींचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. शिरड शहापूरच्या पुढच्या एका वस्तीवर त्या शिलाई मशीन चालवतात. त्या दिवशी त्या मशीनवरून उठून पंपापाशी आल्या नसत्या, तर एका चांगल्या हातपंपाला मी माझ्या हातानं 'पिऊ नका' म्हणणारी लाल फीत बांधून आलो असतो, आणि बहुतेक पुढच्या आठवड्यात पिशवी उचलून घरी परतलो असतो. दोन्ही टळलं. म्हणून तर हे लिहायला बसलोय.

मी कुडाळकडचा. शाळा नववीत सुटली. मग कलमांच्या बागेत फवारणी, मग एका ओळखीनं इकडे मराठवाड्यात, भूजल तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत. काम सांगायला सोपं आहे. गावोगाव जायचं, विहिरी-बोअर-हातपंपांचं पाणी बाटल्यांत घ्यायचं, पेटीतल्या रसायनांनी जागेवर होतील तेवढ्या तपासण्या करायच्या आणि बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत पोचवायच्या. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाटलेत पाणी भरूचे पैसे देतत?" तिच्या विहिरीत हात घातला तर पाणी लागतं. तिला कुठून पटणार!

आतापर्यंत मी जुन्या माणसाबरोबर जायचो. ही माझी पहिली एकट्याची फेरी. साहेबांनी निघताना एवढंच सांगितलं होतं, "नीट जमलं तर पुढच्या फेऱ्या तुझ्या. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." त्यामुळे गाडीत मी झोपलोच नाही. दर स्टेशनला हात लावून बघायचो, पेटी आहे ना, डबा आहे ना.

हिंगोलीला उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा भेटला तो वास. माती, वाफ आणि स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा एकदम उघडावा तसा काहीतरी. हळदीचे दिवस होते. रस्त्यानं पोत्यांनी लादलेले टेम्पो मोंढ्याकडे, म्हणजे इथल्या आडतबाजाराकडे, चालले होते आणि त्यांच्या मागे पिवळी धूळ. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात बसलो तर पोऱ्यानं आत हाक मारली, "एक सुशीला दे रे पाहुण्याला!" मी दचकून मागे बघितलं. बशी आली तेव्हा कळलं, सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचे पोहे. वर शेंगदाणे, कोथिंबीर, बाजूला तळलेली मिरची. दोन बशा खाल्ल्या.

जवळा बाजारला जाणाऱ्या एसटीत बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसलो. शेजारी एक आजीबाई. बराच वेळ त्या डब्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कुल्फी केवढ्याला रे?"

"कुल्फी नाही आजी. पाणी आहे."

"पाणी?" त्यांनी मागच्या सीटवरच्या बाईला सांगितलं, "ऐकलं का माय, आता पाणीबी डब्यात घालून इकून राहिले."

सगळी गाडी हसली. मीही हसलो आणि रात्रीपासून छातीवर बसलेलं ओझं जरा हललं.

खिडकीबाहेर काळी जमीन. आमच्याकडे दर वळणाला डोंगर आडवा येतो. इथे नजर जाते आणि जातच राहते. उपटायच्या राहिलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं), मध्येच एखादं बाभळीचं झाड, आणि हळद खणून काढलेली वावरं. जवळ्याला बाजार भरलेला होता. त्या गर्दीतून वाट काढून दोन बोअरचे नमुने घेतले, एका थंड पेयाच्या दुकानातून डब्यात नवा बर्फ भरून घेतला आणि जीपनं शिरडकडे निघालो. एकच वाईट झालं. जीपच्या धक्क्यांत तपासणीच्या काचनळीचं झाकण पेटीतच चिरडलं. मी मनात म्हटलं, झाकणाशिवाय भागेल.

शिरडच्या पुढे नामदेवराव नावाच्या शेतकऱ्याच्या बोअरवर पहिला थांबा होता. त्यांच्या वावरात हळद शिजत होती. तीन-चार मोठे लोखंडी पिंप, त्यांत वाफ सोडलेली, आणि शिजलेली हळद ताडपत्रीवर ओतली की सगळ्या अंगणावर पिवळं धुकं. माणसं, बैल, कुत्रं, सगळं पिवळं. नमुना घेऊन झाल्यावर मी निघालो तर नामदेवराव म्हणाले, "जेवल्याबिगर कुठं चालला? आमाला तकलीफ होईल असं समजू नका, भाकरी झालेली हाय."

ज्वारीची भाकरी, पिठलं, लसणाचा ठेचा. पोटभर जेवलो. मग त्यांनी शिजलेलं एक गरम हळकुंड माझ्यापुढे धरलं. मी हातमोजे घालूनच घ्यायला गेलो.

"अहो, ते पिशवीवानी काय घालून राहिले? काढा! हळद हाताला लागल्याबिगर कळत न्हाई. मोडून बघा, टचकन मोडली तर बराबर शिजली."

मोजे काढले. मोडून बघितलं. आतून केशरी. मग दुसरं, मग तिसरं. तिथल्या बायका हळकुंडं निवडत होत्या, त्यांच्याबरोबर बसून मीही थोडी निवडली. आईला सांगायला चांगलं वाटेल, असं मनात होतं. उठताना हात धुतले, पँटला पुसले, मोजे पिशवीतच ठेवले आणि वस्तीकडे चालत निघालो.

वस्ती पंधरा-वीस घरांची असेल. मधोमध हातपंप, दिवाळीच्या आसपास बसलेला. त्याआधी इथली माणसं खालच्या जुन्या विहिरीचं पाणी प्यायची. त्या विहिरीत फ्लोराइड फार. असं पाणी वर्षानुवर्षं प्यालं की दात तपकिरी होतात, सांधे आखडतात. पंपावर पहिल्या भेटल्या त्या कौसाबाई. वाकलेल्या, काठी टेकत आलेल्या, पण जिभेला काठी लागत नव्हती.

"माझे गुडघे त्या हिरीनं खाल्ले," त्या म्हणाल्या. "आता हे पाणी आलंय तर तू काय काढायला आलास?"

नमुना घेण्याआधी पंप बराच वेळ हापसायचा असतो, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जातं आणि जमिनीतलं ताजं येतं. मी हापसायला लागलो तशी बायकांनी पटापट घागरी लावल्या. "हाण लेकरा, हाण! आज फुकटचा गडी मिळालाय." सात-आठ घागरी मी भरून दिल्या. हात भरून आले.

मग पेटी उघडली. काचनळीत पाणी घेतलं, रसायनाचे थेंब टाकले. रंग गुलाबी राहिला तर पाणी ठीक. पिवळ्याकडे झुकला तर फ्लोराइड जास्त. झाकण नव्हतं, म्हणून अंगठा नळीच्या तोंडावर दाबून नळी उलटसुलट केली.

रंग पिवळ्याकडे गेला.

मी दुसरी नळी घेतली. पुन्हा तसंच केलं. पुन्हा पिवळा.

माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. एका बाईनं डोक्यावर चढवलेली घागर खाली उतरवली आणि हळूच मातीत ओतून दिली. त्या पाण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "दोनदा केलीस ना? मग नियमाप्रमाणे फीत बांध. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पिऊ नका म्हणून सांग. आणि बघ, नवा पंप आहे, लोक ओरडतील. तुझं रीडिंग बरोबर आहे याची खात्री आहे ना?"

मी "हो" म्हणालो. दोनदा केलं होतं, दुसरं काय म्हणणार? पण अहवाल यायला वेळ लागतो, उन्हाळा तोंडावर, आणि तोवर ही माणसं पिणार कुठलं? नामदेवरावांचं बोअर लांब, तेही लाईट असली तर. म्हणजे पुन्हा तीच विहीर. मी पेटीतून लाल फीत काढली.

"थांब रे बाबा."

समोरच्या घरातून एक बाई आल्या. गळ्यात मापाची टेप, पदराला टाचण्या. त्याच सुमनमावशी. मागे उघड्या दारातून मशीन आणि भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिसत होती. त्यांनी फितीकडे बघितलंच नाही. माझा हात धरला आणि उलटा केला.

"हा अंगठा काय आहे?"

मी बघितलं. धुतलेला होता, तरी अंगठा पिवळाधमक. नखाच्या कडेला हळद साचलेली.

"नामदेवरावाकडं हळद निवडून आलास व्हय? आन ह्या अंगठ्यानं नळी झाकून पिवळं पाणी बघून राहिलास? ह्या दिवसांत मी कुणाचं बोट कापडाला लागू देत न्हाई. एका ब्लाउजाला डाग पडला तर बाई मला जन्मभर सोडत न्हाई. काचेला तर लागंलच की!"

मी फीत पेटीवर टाकली. पेटीत नळ्या विसळण्यासाठी शुद्ध पाण्याची बाटली असते. त्यात फ्लोराइड असण्याचा प्रश्नच नाही. ते पाणी कोऱ्या नळीत घेतलं, थेंब टाकले, तोच अंगठा लावून हलवलं. पिवळं! म्हणजे हा पिवळा रंग माझ्या अंगठ्याचा होता.

"साबण आणा गं," कौसाबाई ओरडल्या. कपड्याची वडी आली. मी घाईघाईनं हात घासले आणि बघतो तर हात लाल! साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो, हे तिथल्या लहान लेकरालाही माहीत असेल. बायका हसून वाकल्या.

"नवरदेव झाला बघा!"

मी म्हटलं, "कुणाचे तरी स्वच्छ हात द्या हो." आणि इकडे-तिकडे बघितलं. कौसाबाईंचे पिवळे. घागरी धरणाऱ्या सगळ्यांचे पिवळे. अख्ख्या वस्तीचे हात हळदीत होते. फक्त सुमनमावशींचे नव्हते.

"काहून (का) बघून राहिलास माझ्याकडं? सांग कसं करायचं ते."

त्यांनी हात धुतले, अस्तराच्या कोऱ्या तुकड्यावर पुसले. पेटीतल्या न वापरलेल्या नळ्या मी त्यांना दाखवल्या, हात लावला नाही. सुई ओवताना धरावी तशी त्यांनी नळी धरली. आधी शुद्ध पाणी. थेंब. झाकायचं नाही, नुसतं गोल हलवायचं. गुलाबी. मग दुसऱ्या नळीत पंपाचं पाणी. कौसाबाई काठी सोडून माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या.

गुलाबी. तिसऱ्या नळीतही गुलाबी.

"सांग ना रे, कसं हाय?"

"चांगलं आहे. पेटीत तरी चांगलं दिसतंय. प्या."

एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कौसाबाईंनी पेटीवरची लाल फीत ओढून घेतली. "ही आता तुझ्या डोक्याला बांधते. चांगल्या पाण्याला नावं ठेवतो मेला!" आणि मग तांब्या भरून माझ्यापुढे धरला. "पी. आधी तू पी." मी तिथेच उभ्यानं प्यालो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड धुतल्यासारखं केलं.

प्रयोगशाळेची बाटलीही सुमनमावशींनीच भरून दिली. मग त्यांच्या ओसरीवर चहा झाला. त्यांनी वाटीत गोडेतेल आणून माझ्या बोटांना चोळायला लावलं, म्हणजे हळद सुटते. साहेबांना फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग ते म्हणाले, "फीत बांधली नाहीस ना? मग ठीक. आणि उद्यापासून मोजे काढायचे नाहीत. झाकणंही दोन ठेव." त्यांच्या आवाजात राग नव्हता. संध्याकाळच्या जीपनं परत निघालो तेव्हा नामदेवरावांच्या वावरातून अजून वाफ उठत होती. पहिल्यांदाच मला खिडकीला डोकं टेकून झोप लागली.

परतल्यावर बरेच दिवस मी अहवालाची वाट बघत होतो. पेटीची तपासणी ती काय, खरं प्रयोगशाळेत कळतं. अहवाल आला. फ्लोराइड मर्यादेत. पुढच्या फेरीच्या कामावर माझं नाव आलं, तेही त्याच दिवशी. घरापासून इतक्या लांब, शिक्षण अर्धवट सुटलेलं, त्यामुळे आपण कुणाच्या तरी मेहेरबानीवर उभे आहोत असं मला सतत वाटत असे. अजूनही वाटतं. फक्त आता त्याची भीती तेवढी वाटत नाही. मेहेरबानी करणाऱ्याला त्याचं काही वाटतच नसतं, हे मी त्या वस्तीवर बघून आलोय.

सुमनमावशींना फोन केला. "मावशी, पाणी चांगलं निघालं."

"ते आमाला तवाच कळलं. तू जेवलास का?"

"मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?"

मागे मशीनचा आवाज थांबला. "उपकार कसले रे? असं कर, तुझं लगीन ठरलं की नवरीचं ब्लाउज माझ्याकडं शिवायचं. पण नुसतं कापड धाडशील तर घेणार न्हाई. मला माप घ्यायला पोरगी समोर लागती."

लग्नाचं अजून घरात कुणी नाव काढलेलं नाही. मुलगी कोण, कुठली, काही ठाऊक नाही. पण तिचं ब्लाउज कुठे शिवायचं ते ठरलंय. तिला घेऊन मी स्वतः येईन, मावशी. शब्द दिला.