कुंपणापलीकडची खिडकी

जपानमधल्या अमेरिकी लष्करी तळावर सैनिकांसाठी आमच्या बँडचा कार्यक्रम होता. दुपारी साउंड चेकला मी गायला लागले, तशी कुंपणापलीकडच्या घरातली एक आजी वाळत घातलेली गादी आत घेऊन खिडकी लावू लागली.

“न ऐकताच नापास केलं गं तुला!” ड्रम वाजवणारा निखिल म्हणाला. मीही हसले.

गणपतीत मंडळाचे स्पीकर दणाणले की बाबा अशीच हळूच खिडकी लावतात. आपण चिडलोय असं खाली कुणाला वाटू नये म्हणून.

इतक्यात आजीचं लक्ष माझ्याकडे गेलं. खिडकी अर्धवट सोडून ती कमरेतून वाकली, जणू चूक तिचीच होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीही वाकले. हातातला माईक चालूच होता. माझा श्वाससुद्धा स्पीकरमधून तिच्या घरात शिरला.