झिऱ्याच्या काठी

चालण्याची हौस हा प्रकार मला कधी कळला नाही. माझ्या बापाने जन्मभर पायपीट केली, पण हौस म्हणून एक पाऊल टाकलं नाही. त्यामुळे अकोल्याच्या शाळेतल्या माझ्या मित्राने, तोही मास्तरच, भर मे महिन्यात परतवाड्याकडून पायवाटेने गाविलगड चढायची टूम काढली, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. तो शेतकऱ्याच्या घरचा, काळ्या जमिनीचा धनी. सुटी लागली की डोंगर गाठायचा. खुर्चीत बसून बसून तू म्हातारा होऊन राहिला, असं त्याने आठवडाभर ऐकवलं आणि शेवटी मी गेलो. त्याला नाही म्हणणं मला जमायचं नाही. आम्ही बौद्ध झालो त्याला पाच-सहा वर्षं झाली होती, तरी बाकीचे मास्तर डबा घेऊन जरा सरकूनच बसायचे. माझ्या डब्यातली भाकर मोडून खाणारा हा एकटाच.

उन्हाळ्यात तो डोंगर म्हणजे नुसता दगड आणि वाळका पाला. सागाला पान नाही, सालईला पान नाही, नाले कोरडे ठाक. दोघांत एक पाण्याची छागल होती, तिलाच तोंड लावून आम्ही आळीपाळीने प्यायचो. ऊन लागू नये म्हणून माझ्या आईने दोघांना खिशात ठेवायला कांदे दिले होते. त्याने आपला कांदा सकाळीच भाकरीशी खाऊन टाकला. दुपारपर्यंत छागल रिकामी झाली. वर दिसणारा बुरूज तासाभराने पाहावा तर तेवढाच लांब. माझे पाय तर केव्हाच संपले होते, आता चालत होती ती नुसती चीड.

मग तो असंबद्ध बोलायला लागला. अंग तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. एका सालईच्या बुंध्याशी त्याला आडवं केलं, माझा कांदा फोडून तळपायांना चोळला. डोळे न उघडता तो म्हणाला, "पानी आन रे कुठून तरी. लवकर आन."

मी छागल घेऊन नाल्यात उतरलो. पाणी लगेच सापडलं. वाळूत कोरकू लोकांनी खोदलेला झिरा होता. हातभर खोल खड्डा, भोवती दगड रचलेले, वर पळसाची पानं झाकलेली आणि शेजारी पाणी काढायला भोपळ्याचा तुंबा. पानांच्या फटीतून पाणी चमकत होतं.

आणि मी पाच पावलांवर उभा राहिलो.

लहानपणी गावच्या विहिरीवर आम्ही घागर खाली ठेवून असंच लांब उभं राहायचो. कोणीतरी यायचं, वरून ओतायचं. कधी लगेच, कधी दुपार टळून जायची. दीक्षा घेतली त्या दिवशी हे सगळं टाकून दिलं, असं मी समजत होतो. पाणी कोणाच्या बापाचं नसतं, हे वर्गात पोरांना छाती काढून सांगत होतो. पण उन्हाने डोकं बधिर झालं होतं आणि पायांनी त्यांना जे येत होतं तेच केलं. मी छागल खाली ठेवली आणि वाट पाहू लागलो. कोणाची, ते मला आजही सांगता येत नाही. समोरच्या खडकाची सावली माझ्या चपलांपर्यंत आली आणि चपला ओलांडून पुढे गेली, इतका वेळ मी तिथे उभा होतो.

शेवटी डोक्यावर मडकं घेऊन एक कोरकू म्हातारी आली. तिने पानं बाजूला केली, माझ्याकडे पाहिलं. मी वाकून ओंजळ पुढे केली. ती गोंधळली. मग तिने तुंबा माझ्या ओंजळीतच ठेवला.

"घे ना," ती म्हणाली. "हात नाही का तुले?"

झिऱ्यातलं पाणी बेताबेताने पाझरतं. छागल भरेपर्यंत ती आपलं मडकं घेऊन शांतपणे बसून राहिली. मी धावत वर गेलो. तो कुशीवर कलंडला होता आणि मला ओळखत नव्हता. डोक्यावर पाणी ओतलं, घोट घोट पाजलं. संध्याकाळी म्हातारीच्या वस्तीवरल्या लोकांनी त्याला बैलगाडीत घालून परतवाड्याला पोचवलं.

तो वाचला, पण डोंगर कायमचा सुटला. पुढे फाल्गुन सरला की त्याचं डोकं ठणकायला लागायचं, डोळ्यांवर अंधारी यायची, वर्गातही तो खिडक्या लावून शिकवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र सांगायचा की या माणसाने माझ्यासाठी उन्हात अख्खा डोंगर पालथा घातला. मी मान खाली घालून चहा पीत राहायचो.

एकदा डोक्याला ओला पंचा बांधून पडल्या पडल्या तो मला म्हणाला, "डॉक्टर म्हणते, पानी थोडं आधी भेटलं असतं तर एवढं झालं नसतं. पन तू तरी काय करशील? त्या डोंगरात पानी हायेच कुठं."

मी म्हटलं, "हो ना."