कोरडी चादर

दवाखान्यात तिला सगळे मावशी म्हणतात, वयाने मोठे असलेलेही. घरी नवराही चिडवायला तेच म्हणतो. आयुष्यभर तिने माणसं उचलली. खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून खाटेवर, आणि घरी आल्यावर नवऱ्याला. त्याचं डावं अंग लुळं पडलेलं, देह मात्र ट्रक चालवायचा तेव्हासारखाच धिप्पाड.

मग तिच्या पित्ताची पिशवी काढावी लागली. दुर्बिणीचं ऑपरेशन, पोटावर चार भोकं. बघायला येणारी प्रत्येक बाई "एवढंच?" म्हणून जायची, जणू मावशीने तिला फसवलं होतं. आत काय फाटत होतं ते मावशीलाच ठाऊक. पोटात भरलेला गॅस खांद्यात चढून बसला होता. हसू आलं तरी जीव जायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. नवऱ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही, हिनेही सांगितलं नाही.

मदतीला नणंद आली. बिचारी राबायची, पण कपडे बदलायला गेली की भाऊ अंगावर खेकसायचा. बायकोशिवाय कुणाचा हात त्याला चालत नसे. खाटेशी वाटी-चमचा ठेवलेला असायचा. गरज लागली की वाजवायची. आता ती वाटी वाजेचना. चादर सकाळी कोरडी, संध्याकाळीही कोरडी.

"दादा किती शहाणा झालाय बघ, वहिनी," नणंद कौतुकाने म्हणाली.

मावशीलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला, सुटल्यासारखं वाटलं.

नवऱ्याच्या उशाशी, खिडकीतल्या कुंडीतलं रोप पिवळं पडून कुजलं, तेव्हा ती नणंदेवर करवादली, "किती पाणी घालतेस गं त्याला?"

"मी तर हातसुद्धा लावला नाही."

मावशी पोट धरून खाटेशी गेली. नवऱ्याचे ओठ भेगाळलेले, जीभ सुकून लाकूड झालेली. तिने त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. असली कातडी तिने वॉर्डात पाहिली होती आणि पुढचंही पाहिलं होतं.

"पाणी कुंडीत ओतता?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "प्यायलो की भिजतो. भिजलो की तू उचलणार. टाके तुटतील तुझे."

"आणि तुम्ही गेलात तर हे टाके घेऊन काय चाटत बसू?" मावशी ओरडली. खांद्यातून कळ गेली. रागाने तिला रडू फुटलं, रडण्याने पोट दुखलं, म्हणून आणखी राग आला. "वाटी वाजवायची. माझी शपथ आहे तुम्हाला."

त्या दिवशी तो तिच्यासमोर पाणी प्यायला, औषध घ्यावं तसा.

सकाळी वाटी वाजली. नणंदेने पाय धरले. कमरेखाली हात मावशीनेच घातला, ते दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. "एक, दोन," ती म्हणाली. तीनला त्याने धड असलेल्या उजव्या हाताने खाटेची कड धरून स्वतःला उचलायची पराकाष्ठा केली. धूड हललं नाही. मावशीने उचललं.

चादर बदलून झाली. तिच्या गाउनवर बेंबीपाशी लाल ठिपका उमटला आणि पसरत गेला. तिने टॉवेल पुढे ओढला, पण त्याने पाहिलं होतं.

तिने ग्लास भरून त्याच्यापुढे धरला. "प्या."

टॉवेलवरची नजर न हलवता तो प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत.