थोरलीचा आवाज

थोरलीला धाकटी जाऊ डोळ्यांसमोर नको असे, आणि कानावर तर मुळीच नको. पण करणार काय? संध्याकाळी रेडिओ लागला की त्यातून धाकटीच बोलायची, "बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी सोडू नका हं!" ते "हं" ऐकलं की थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड होई.

या संदेशाला आवाज द्यायला खरं तर आरोग्य खात्याच्या कार्यालयात दोघी गेल्या होत्या. घेतलं धाकटीला. थोरलीच्या वाट्याला आली दारोदारची पाहणी. लोकांनी तो संदेश ऐकला का, ऐकून गोळ्या घेतात का, हे विचारत फिरायचं. त्यात सासूबाईंची तऱ्हा बघा! वर्षानुवर्षं थोरली गोळी घेऊन त्यांच्या मागे फिरली, तेव्हा "तू कोण मोठी डॉक्टर लागून गेलीस?" आता रेडिओ बोलला की म्हातारी मुकाट्यानं गोळी गिळते. पिकतं तिथं विकत नाही म्हणावं, तर धाकटी काय दुसऱ्या घरातली होती?

पाहणीत एक मेख होती. माणसं विचारणारीचं मन राखायला कशालाही हो म्हणतात. म्हणून कार्यालयातल्या बाईंनी एक फसवा संदेश करून घेतला होता, रेडिओवर कधीच न लागलेला. दारात फोनवर दोन्ही ऐकवायचे. जो फसव्यालाही "ऐकलाय" म्हणेल, त्याचं उत्तर धरायचं नाही. आणि त्या फसव्याला आवाज कुणाचा? थोरलीचा! "तुमचाही आवाज छानच आहे हो," असं वर बाई म्हणाल्या. जखमेवर मीठ, दुसरं काय!

सुरुवातीला लोक फसव्याला सरळ नाही म्हणायचे. मग एका आजीनं थोरलीचा आवाज ऐकला आणि म्हणाली, "अगंबाई, हा तर रोज ऐकते मी! पहिल्यापेक्षा गोड."

म्हातारी धडधडीत थाप मारतेय, हे थोरलीला कळत होतं. तरी मेल्या मनाला उकळ्या फुटल्याच. पुढच्या दारापासून ती आपला संदेश जरा मोठ्यानं लावू लागली. "नीट ऐका हं, घाई नाही," असंही म्हणू लागली. मग काय, जो तो हो म्हणायला लागला.

बाई काळजीत पडल्या. "फसव्याला एवढे हो, तर खऱ्याचं काय खरं धरायचं? असंच निघालं तर कार्यक्रम गुंडाळावा लागेल."

थोरलीनं तोंड पाडलं, पण आत म्हणाली, 'होऊ दे बंद एकदाचा तिचा आवाज!' सासूबाईंच्या गोळीचं काय होईल, हा विचार आला नाही असं नाही. आला, आणि तिनं तो हाकलला.

बाई फेरतपासणीला निघाल्या. आजीच्या दारात त्यांनी स्वतः फोन धरला, थोरली खाली जिन्यात थांबली.

"पहिला ऐकलाय की! त्यानंच गोळी चालू आहे माझी," आजी म्हणाली. "दुसरा नाही बाई."

"त्या दिवशी तर हो म्हणालात?"

"काय करू? ती मुलगी माझ्या तोंडाकडे अशी बघत होती, निकालाच्या दिवशी पोरं बघतात ना, तशी. आवाज तिचाच, मी लगेच ओळखलं. नाही म्हणायला जीभच रेटेना. बिचारी!"

जिन्यात थोरलीला सगळं ऐकू आलं. त्यापेक्षा आजीनं शिवी दिली असती तरी चाललं असतं. बाई खाली आल्या, एवढंच म्हणाल्या, "ही सगळी घरं दुसरी कुणी परत करेल."

संध्याकाळी रेडिओ लागला. सासूबाईंनी गोळी तोंडात टाकली आणि पाण्यासाठी हात पुढे केला. थोरलीनं पेला दिला.

"ताई, खरं सांगा, लोक ऐकतात का हो मला?" धाकटीनं विचारलं.

खोटं बोलावं असं थोरलीला फार वाटलं. "ऐकतात," ती म्हणाली. "गोळ्याही घेतात."

धाकटीचा चेहरा फुलला. मग थोरलीच्या तोंडाकडे बघून ती घाईघाईनं म्हणाली, "पण तुमचा आवाज घेतलाय ना त्यांनी, तो माझ्यापेक्षा गोड आहे."

थोरली पेला विसळता विसळता थांबली.

"तू कधी ऐकलास गं तो?"