अरुणावतीकाठचं पहिलं मडकं

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी नाक मुरडायला नको. कुत्रं, विंचू, खोल विहीर, एसटीचा ड्रायव्हर, सगळ्यांनाच मी घाबरत आलो. बाकीचे ब्लॉगवाले हिमालय चढून येतात आणि बर्फाचे फोटो टाकतात. मी लिहितोय तो प्रवास यवतमाळहून आर्णीपर्यंत आणि आर्णीहून थोडा पुढं. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं होतं नव्हतं, तेव्हाचा. फोटो एकही नाही.

जायचं ठरलं ते काही माझ्या मर्जीनं नाही. बुनियादी शाळेत, म्हणजे हातानं काम करत शिकवायच्या गांधीजींच्या पद्धतीच्या शाळेत, नवीन लागलो होतो. सूत कातायला शिकवणारे मास्तर आधीच होते, म्हणून हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात कुंभारकाम घातलं. मी आयुष्यात चिखलात हात घातला नव्हता. "सुट्टीत चाक शिकून या," ते म्हणाले. "येताना स्वतःच्या हातचं एक मडकं आणा. नाही जमलं तर जूनपासून मला दुसरा माणूस बघावा लागेल." त्यांनी ओळखीच्या एका कुंभाराला निरोपही धाडला. झालं, निघणं भाग होतं.

यवतमाळ ते आर्णी हा रस्ता आज तासाभराचा आहे, डांबरी आहे, वाटेत चहा बरा मिळतो. तेव्हा मात्र आर्णीला उतरेपर्यंत धुळीनं माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तिथून पुढं खासर, म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. उन्हाळ्यात त्या बाजूला जाणार असाल तर टोपी, पाणी आणि कांदा जवळ ठेवा. मी हे तिन्ही विसरलो होतो. नदीच्या उताराशी आल्यावर गाडीवाला म्हणाला, "मास्तर, पाय वर घ्या जी. इकडं जनावर लय निघते." आमच्याकडं जनावर म्हटलं की साप. गाव येईपर्यंत मी पाय खाली सोडले नाहीत, मांड्यांना मुंग्या आल्या तरी.

गणबाजी कुंभाराचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. साठीचा उघडाबंब माणूस, आवाज असा की पलीकडच्या काठावर ऐकू जावा. त्यांची बायको सखूबाई, बारीक चणीची, सतत काहीतरी पुटपुटणारी. मुलगा अक्षय तृतीयेच्या बाजारासाठी माठ भरून महागावला गेलेला. आणि सून कौसल्या. भिंतीला टेकून ती राख चाळत बसली होती. तिचे दिवस भरत आले होते, पाय सुजून टम्म झाले होते. पहिल्या खेपेला तिचं लेकरू गेलं होतं आणि ती स्वतः मरता मरता वाचली होती, हे मला गाडीवाल्यानंच वाटेत सांगून टाकलं होतं.

"हात दाखवा," गणबाजी म्हणाले. मी पुढं केले. त्यांनी तळवे दाबून पाहिले. "नरम हाय. होईन."

ज्वारीची भाकर, चून म्हणजे आपलं पिठलं, आणि सोबत हातानं फोडलेला कांदा. असं जेवण मला नंतर कुठल्याही हॉटेलात मिळालं नाही. राहण्या-जेवण्याचं काय द्यायचं म्हणून विचारलं तर सखूबाई माझ्यावरच खेकसली, म्हणून पुन्हा विचारलं नाही.

सकाळी माती तुडवायला लावली. नदीकाठची चिकण माती, त्यात राख आणि लीद. मी एक पाय आत घातला आणि थांबलो.

"मातीत इंचू राह्यते काय हो?"

"राह्यते ना," गणबाजी म्हणाले. "पर थो बी तुमाले भेतेच की."

मग चाक. हे चाक म्हणजे गाडीच्या चाकाएवढं मोठं धूड, जमिनीत रोवलेल्या खुंटीवर नुसतं टेकवलेलं. भोकात काठी घालून गणबाजी ते असं गरगरा फिरवायचे की वारा लागायचा. आणि त्याच्यापुढं गुडघे फाकवून बसायचं! मी विचारलं, हे सुटत नाही ना? "एकडाव सुटलं होतं," ते म्हणाले. "कुंपनात जाऊन पडलं. मधात कोनी नोहतं म्हनून बरं." एवढं ऐकल्यावर माझा मातीचा गोळा काय मधोमध बसणार? गोळा एकीकडं, मी एकीकडं. हात लावला की तो लटपटायचा, भिंत वर यायची आणि कान पाडून बसायची. गणबाजी कपाळाला हात लावायचे.

पडवीच्या मागच्या भिंतीला एक फळी होती. सगळ्या घरभर गाडगी-मडकी, माठ, पणत्या, पाय ठेवायला जागा नाही, आणि ती फळी तेवढी रिकामी. मी सहज विचारलं.

"थे शिकाऊची फळी," गणबाजी म्हणाले. "शिकनाऱ्याचं पहिलं मडकं जे उभं राह्यते ना, थे आमी इकत नाय. त्यात कोनी पानी पेत नाय. भाजून तिथं ठेवून देतो. गावात कोनी गेलं की त्याच्यासंगं थे जाते. मयतीचं मडकं तं फोडाचंच असते, मंग चांगलं काहून फोडाचं?"

हिशोब सरळ होता. त्यांच्या घरात बापजाद्यांपासून तसंच चालत आलेलं. पण माझं डोकं भलतीकडंच गेलं. म्हणजे मी जे करायला इथं आलोय, ते कुणाच्या तरी तिरडीपुढं जाणार. कुणाच्या?

त्याच दिवशी नदीवर सखूबाईनं मला गाठलं. डोक्यावरची घागर खाली ठेवली, इकडं तिकडं पाहिलं. "मास्तर, एक आयकता काय? कौशी मोकळी होईस्तोवर तुमचं मडकं उभं नोका होऊ देऊ. फळी खाली हाय तेच बरं हाय. फळी भरली की घरात कोनाले तरी बलावते थे. मी पायलं हाय."

अशा बाईला मी काय समजावणार? मलाच ते पटलं होतं. शिकलेला माणूस, पण पटलं, खोटं कशाला सांगू. मी हो म्हणालो.

मग काय विचारता! एकीकडं हेडमास्तरांचा जून महिना, दुसरीकडं ती सुजलेल्या पायांची पोर. भिंत जरा वर आली की मी अंगठा मुद्दाम आत दाबायचो. मडकं फसकन बसायचं. सखूबाई लांबून पाहायची आणि माझ्या ताटात भाकर जरा जास्त वाढायची. गणबाजी मात्र चिडले. "बाप्पा रे बाप्पा! बैल बी शिकला असता एवढ्यात!" कौसल्या पदर तोंडाला लावून हसायची. तिचं ते हसणं ऐकलं की मला अधिकच भीती वाटायची.

आणि एके सकाळी घात झाला. गणबाजी माझ्या मागं उभे राहून ओरडत होते, "पानी लाव, हात सोडू नोको, वर ने, वर ने!" त्या ओरडण्याला भिऊन मी बाकी सगळं विसरलो. कौसल्या विसरलो, फळी विसरलो. हातांनी आपलं आपलंच काहीतरी केलं. चाक थांबलं तेव्हा माझ्यापुढं एक मडकं उभं होतं. लहानसं, जरा डावीकडं कललेलं, पण उभं.

"झालं!" गणबाजींनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी तोंडावर पडणार होतो. मी अंगठा दाबायच्या आत त्यांनी सुताच्या दोऱ्यानं ते कापून फळीवर नेऊन ठेवलंसुद्धा. "सुकू द्या. परवा आवा पेटवतो, त्यात घालू." आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. दारात सखूबाई उभी होती. दुपारी माझ्याकडं न बघता तिनं ताट सरकवलं.

घर जरा सामसूम झालं तसा मी फळीपाशी गेलो. एक धक्का पुरे होता, ओलंच होतं अजून. हात उचलला.

"राहू द्या मास्तर."

मागं कौसल्या. कंबरेवर हात ठेवून, धापा टाकत उभी होती.

"मले मालूम हाय थे कोनत्या कामाचं हाय," ती म्हणाली. "आत्याबाईनं तुमाले काय सांगतलं थे बी मालूम हाय. थे मोडल्यानं मी वाचत असती, तं मीच नसतं मोडलं काय?" मग जरा थांबून म्हणाली, "भेव तं मले बी लागते. लय लागते."

मी हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं आणि तिला कळा सुरू झाल्या. गणबाजी पळत जाऊन तांड्यावरच्या दाईला घेऊन आले. उंच, म्हातारी बंजारा बाई, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. सगळं गाव तिला याडी म्हणायचं, याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. ती आत गेली, पाठोपाठ सखूबाई, दार लागलं. बाहेर आम्ही दोघं. गणबाजी उगाच माती मळत बसले, मळलेलीच पुन्हा पुन्हा. मी थांबलेल्या चाकापाशी बसलो. आतून तिचं कण्हणं यायचं, मध्येच किंकाळी. फळीकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण नजर तिकडंच जायची. सावल्या अंगणभर लांबल्या, तरी ते चालूच.

आणि मग सगळं एकदम थांबलं. कण्हणं नाही, रडणं नाही. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू येत होती.

दार उघडलं. सखूबाई बाहेर आली. तोंड घामानं आणि पाण्यानं भिजलेलं. आमच्याकडं तिनं पाहिलंच नाही. सरळ फळीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी माझं मडकं उचललं.

घरात शेकड्यानं गाडगी होती आणि तिनं तेच उचललं होतं. कच्च्या मडक्यात पाणी राहत नाही, ते मयतीला चालत नाही, एवढंही मला सुचलं नाही.

"दरवाज्यापाशी खड्डा खांदा," ती म्हणाली.

गणबाजी मातीच्या हातांनी तोंड झाकून खाली बसले. एवढा दांडगा माणूस, लहान पोरासारखा हुंदके देत होता.

"अव माय, रडून काय राह्यले? पोट्टी झाली! वार पुरायची हाय."

"मंग लेकरू रडून काहून नाय राह्यलं?"

"याडी पाहून राह्यली ना..." एवढं ती म्हणतेय तोच आतून फटकन चापटीचा आवाज आला आणि पाठोपाठ चिरका टाहो. असा गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही. मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

खड्डा मीच खणला. नाळेसकट वार त्या मडक्यात घालून सखूबाईनं ते उंबऱ्याजवळ ठेवलं, वर हळद-कुंकू वाहिलं. गणबाजी डोळे पुसत म्हणाले, "दुसरं गाडगं नोहतं काय? हे तं कच्चं हाय."

"मातीतच जायाचं हाय, भाजता कायले?" ती म्हणाली. "आनि आता हे कोनाच्या मयतीले जात नाय." मग माझ्याकडं वळून, "लोटा माती."

मी लोटली. स्वतःच्या हातानं.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी कौसल्येला ताप भरला. घरात सोयर, म्हणून चाक बंद, आवाही पेटणार नव्हता. मुलगा महागावहून परतला होता. परक्या माणसाचं तिथं आता काही काम नव्हतं. खासरात बसलो तेव्हा आतून लेकराचं रडणं येत होतं, कौसल्येचा आवाज नव्हता. "उतरन ताप," गणबाजी म्हणाले, पण त्यांच्या आवाजात नेहमीचा दम नव्हता.

यवतमाळला रिकाम्या हातानं आलो. हेडमास्तर म्हणाले, मडकं कुठंय? म्हटलं, पुरलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शाळेच्या नव्या चाकावर बसवलं. मडकं उभं राहिलं. नोकरी टिकली. पुढं कितीतरी वर्षं पोरांना चाक शिकवलं. प्रत्येकाचं पहिलं मडकं मी भट्टीत जाऊ दिलं नाही, कच्चंच पटांगणात पुरायला लावलं. पोरं विचारायची काहून, मी म्हणायचो, पुरा म्हटलं ना.

त्या गावाला मात्र परत गेलो नाही. पत्रही टाकलं नाही, उत्तर आलं असतं तर काय करायचं? आर्णीवरून बस जाते तेव्हा मी झोपेचं सोंग घेतो. माझ्यापुरती कौसल्या पदर तोंडाला लावून हसते आहे, तशीच राहू दे.

तुम्ही त्या रस्त्यानं गेलात तर अरुणावतीकाठी कुंभाराचं घर विचारा. ती मुलगी आता साठी ओलांडलेली असेल, सासरी नांदत असेल. पत्ता काढून तिला विचारा, आई तुला आठवते का. आठवते म्हणाली, तर खाली लिहून मला कळवा. नाही म्हणाली, तर कृपा करून कळवू नका.